सारंगखेडा ते लंडन : हिशेब दारापासून दारापर्यंतचा

लेक लंडनला, तिला दिवस गेलेले, आणि बाळंतपणाला आईच हवी! अशा वेळी पहिला प्रश्न मनात येतो, "विमानाला वेळ लागतो तरी किती?"

तिकीट पाहून मात्र घोटाळाच होतो. मुंबईहून दुपारी १ वाजता निघून लंडनला संध्याकाळी साडेपाचला पोचणार. म्हणजे साडेचारच तास? छे! तिकिटावरची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं, उन्हाळ्यात साडेचार. ते साडेपाच मिळवा, की खरे १० तास भरतात.

मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे पहिलं विमान कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत तिथं गेलं होतं. आता थेट जाता येतं. परतताना बहुधा तासभर कमी लागतो, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात आणि विमानाला पाठीमागून रेटा मिळतो. वाट बदलली तरी वेळ बदलतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडचे अनेक प्रवास लांबले.

आता घरचा हिशेब मांडा. सारंगखेड्याहून मुंबई रस्त्यानं सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे आठएक तास. विमानतळावर ३ तास आधी हजर राहायचं. विमानात १० तास. उतरल्यावर तपासणी, सामान आणि लेकीचं घर गाठेपर्यंत आणखी दोन-तीन. झाला की एक दिवस-रात्र! म्हणून गाडीतून उतरून तशाच विमानात चढू नका. आदल्या दिवशीच मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करा. आणि बाळंतपणाच्या तारखेआधी निदान दोन-तीन आठवडे पोचा; बाळ काही तारीख पाहून येत नाही!

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा :

औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. मधुमेहाचं इंजेक्शन घेत असाल, तर बदललेल्या वेळेला ते केव्हा घ्यायचं हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

फार वेळ बसून पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. तासा-दोन तासांनी उठून चार पावलं चाला, बसल्या जागी घोटे फिरवा, पाणी पीत राहा.

लोणच्याची बरणी घट्ट बांधून मोठ्या बॅगेत घाला. हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पातळ पदार्थ चालत नाही. तूप, खवा, पेढे नेऊच नका. दुधाच्या पदार्थांना तिकडे बंदी आहे. डिंक, खारीक कोरडी न्या, तूप तिथंच घ्या आणि लाडू लेकीच्या स्वयंपाकघरात वळा.

ताजे लाडू आणि न थकलेली आई, बाळंतिणीला याहून अधिक काय हवं?