पांढरीची माती आणि धरणाचे पाणी

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात. जी पिकते ती काळी आणि जिच्यावर वस्ती असते ती पांढरी. ही पांढरी मुळात पांढरी नसते. पिढ्यान्‌पिढ्या माणसे एकाच जागी राहतात, मातीच्या भिंती कोसळतात, चुलीची राख साचते, शेण, हाडे, खापरे त्यांत मिसळतात, आणि जमीन उंच व फिकट होत जाते. गाव उठून गेले तरी हे टेकाड उरते. शेतकरी ही माती खत म्हणून शेतात टाकतो, धाब्याच्या घरावर पसरतो. पुराणवस्तुसंशोधकाला तीच माती वाचायची असते. दोघांचीही गरज खरी आहे. मग जमीन कामाला लावायची आणि तिच्यातला इतिहासही जाऊ द्यायचा नाही, हे कसे साधावे?

एक मोठे उदाहरण घेऊ. आपल्या महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा आंध्रात ज्या खोऱ्यातून जाते, तेथे नागार्जुनकोंडा आहे. इक्ष्वाकू राजांच्या राजधानीचे हे अवशेष १९२६ साली उजेडात आले. पुढे तेथेच नागार्जुनसागर धरण ठरले आणि १९५५ साली त्याची कोनशिला बसली. धरण नको, असे म्हणणे शक्य नव्हते. लाखो एकर जमीन पाण्याची वाट पाहत होती. म्हणून भारतीय पुरातत्त्व खात्याने पाणी चढण्यापूर्वी, १९५४ ते १९६० या काळात, आर. सुब्रह्मण्यम् यांच्या देखरेखीखाली खोऱ्याचे उत्खनन केले. अश्मयुगीन हत्यारांपासून नवाश्मयुगीन वस्ती, महापाषाणीय दफने आणि बौद्ध विहारांपर्यंतचे अवशेष हाती आले. नऊ वास्तू उचलून टेकडीवर पुन्हा उभारल्या. ती टेकडी आता जलाशयातले बेट आहे.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. दगडी स्तूप उचलता येतो, पण प्रागैतिहासिक झोपडी उचलता येत नाही, कारण ती उरलेलीच नसते. तिचे लाकूड केव्हाच कुजलेले असते. खांब जेथे रोवला होता तेथे निराळ्या रंगाची, भुसभुशीत माती भरलेली असते, एवढीच खूण. खुरप्याने हळूहळू खरवडले म्हणजे असे खळगे ओळीने दिसू लागतात, आणि त्या ओळीवरून घर उभे राहते. नांगराने किंवा यंत्राने तीच माती एकदा ढवळली, की खळगा गेला आणि घरही गेले.

थरांचेही तसेच. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा साधा नियम. परंतु कोणी नंतर खड्डा खणला असेल तर वरची वस्तू खाली जाते. म्हणून वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडली, हे वस्तूइतकेच महत्त्वाचे. आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही : उत्खनन हेही एक प्रकारे विध्वंसनच आहे. प्रत्येक थर एकदाच वाचता येतो. पान वाचले की फाटते. म्हणून मोजमापे, नकाशे, छायाचित्रे आणि टिपणे यांवाचून केलेले खोदकाम आणि माती उपसणे यांत फरक राहत नाही.

सावकाश वाचले तर काय मिळते? पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून ठेवलेले. त्यांत तान्ही मुले पुरलेली. आईबापांनी मूल घराबाहेर जाऊ दिले नव्हते, असे मनात येते. नदीचे पाणी वळवण्यासाठी बांध आणि पाटही तेथे आढळला. म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी या माणसांनाही पाण्याचीच चिंता होती. धरण बांधणारे आपण त्यांचेच वारस ठरतो.

कायदा आहे, पण त्याची मर्यादा आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई केली. परंतु बहुतेक पांढरी संरक्षितांच्या यादीत नाहीतच. गुप्तधनाचा कायदा १८७८ चा. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर कलेक्टरला कळवावे, असे तो सांगतो. खापराला दहा रुपये कोण देणार?

तेव्हा उरतो तो आपला विवेक. रस्ता, वसाहत किंवा तलाव यांची आखणी होण्यापूर्वीच जमीन पाहून घेतली, तर संशोधकाला वेळ मिळतो आणि कामही खोळंबत नाही. अडचण होते ती यंत्रे येऊन उभी राहिल्यावर. आपल्यापैकी कोणी पाया खणताना राखेचे थर, रंगीत खापरे, हाडे दिसली, तर ती उचलून धुऊन कपाटात ठेवू नयेत. जागच्या जागी राहू द्यावीत, काम थोडे थांबवावे आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. काळी दरवर्षी नव्याने पिकते. पांढरीचे पीक मात्र एकदाच काढता येते.