अचूकतेची अपेक्षा आणि हालचालींचे पूर्वनियोजन

सुईत दोरा ओवताना हात मंदावतो, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. परंतु हा मंदपणा हालचालीच्या अखेरीस निर्माण होतो की तिच्या योजनेतच अंतर्भूत असतो, हा प्रश्न विचारार्ह आहे.

या अभ्यासाचा पाया आर. एस. वुडवर्थ यांनी १८९९ साली घातला. त्यांच्या मते हालचालीचे दोन भाग पडतात: लक्ष्याच्या दिशेने होणारा प्रारंभिक आवेग आणि लक्ष्याजवळ दृष्टीच्या साहाय्याने होणारी दुरुस्ती. मिनिटास सुमारे १४० या गतीने रेषा ओढावयास लावल्या असता डोळे उघडे असोत वा मिटलेले, चुकीचे प्रमाण जवळजवळ सारखेच राहिले. कारण दुरुस्तीस अवधीच उरत नव्हता.

पुढे १९५४ साली पॉल फिट्स यांनी धातूच्या दोन पट्ट्यांवर आळीपाळीने लेखणीसारख्या कांडीने टोके मारण्याचा प्रयोग केला. पट्ट्यांची रुंदी २ इंचांपासून पाव इंचापर्यंत व त्यांमधील अंतर २ इंचांपासून १६ इंचांपर्यंत बदलण्यात आले. अंतर दुप्पट केले काय किंवा रुंदी निम्मी केली काय, काळात जवळजवळ सारखीच भर पडते. दोन्ही दुप्पट केल्यास मात्र तो फारसा बदलत नाही. अर्थात, हालचालीचा काळ अंतर आणि अनुज्ञेय चूक यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो.

एवढ्यावरून अचूकता ही केवळ अखेरच्या दुरुस्तीची बाब आहे, असे वाटण्याचा संभव आहे. आर. जी. मार्टेनिउक व त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या समजुतीस छेद देतात. त्यांपैकी एका प्रयोगात चकती उचलून एकदा ती बेताच्या खाचेत बसवावयाची, तर एकदा मोठ्या पेटीत टाकावयाची होती. चकतीपर्यंत हात नेण्याचे काम दोन्ही वेळी एकच होते. तथापि चकती बसवावयाची असताना तिच्याकडे जाणाऱ्या हाताचा वेग कमी होण्याचा टप्पा अधिक लांबला. पुढील कृतीची अपेक्षा आधीच्या हालचालीस वळण देते, हे यावरून स्पष्ट होते.

शिकाऊ कामगाराच्या किंवा पक्षाघातातून सावरणाऱ्या रुग्णाच्या हाताचा मंदपणा पाहताना हे ध्यानी ठेवले पाहिजे. केवळ घाई करावयास सांगितल्याने वेग वाढेल, पण चुकाही वाढतील. त्यापेक्षा आरंभी रुंद खाच किंवा मोठ्या तोंडाचे भांडे देऊन लक्ष्य क्रमाक्रमाने अरुंद करीत जाणे अधिक सयुक्तिक होय.