यंत्राची साक्ष

खासबागेत कुस्ती लागली की निकाल कोणी जाहीर करावा लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली हे मैदान उभे केले ते अशा बेताने की, मधल्या आखाड्यातली कुस्ती कोणत्याही कोपऱ्यातून स्वच्छ दिसावी. खाली पैलवानाची पाठ मातीला टेकते आणि वर फेटे-टोप्या हवेत उडू लागतात. पंचाचा हात वर जाण्यापूर्वीच निकाल गंगावेशीपर्यंत पोहोचलेला असतो! येथे साक्षीदार एक नसतो, सारे कोल्हापूर असते.

पण जगात असेही खेळ आहेत, ज्यांत जिंकण्याचा वा हरण्याचा क्षण कोणाच्याच डोळ्यांना धड दिसत नाही. तेथे खऱ्या-खोट्याचा निवाडा करायचा कोणी? प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. खेळाडूची दहा-दहा वर्षांची मेहनत त्यावर तोललेली असते. आणि गंमत अशी की, कुस्तीचे माहेर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच कोल्हापूरने गेल्या वीस वर्षांत नावाजलेले जे खेळाडू दिले, त्यांतले काही नेमके अशाच खेळांतले आहेत. त्यांची पदके ज्या साक्षीवर ठरली ती साक्ष माणसाची नव्हती, यंत्राची होती. ही साक्ष आली कशी, तिने खेळात काय बदलले आणि तिच्यावर कितपत विसंबावे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

रानातली हजेरी

पावसाळ्यात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे पायी गेलेल्यांना रान चकवते म्हणजे काय ते सांगायला नको. धुके उतरले की दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो आणि वाट कोठे फुटली तेच कळत नाही. उत्तर युरोपातल्या लोकांनी या चकव्याचाच खेळ केला. त्याचे नाव ओरिएंटिअरिंग. खेळाडूच्या हाती एक नकाशा आणि होकायंत्र द्यायचे. नकाशावर दाखवलेली ठिकाणे ठरलेल्या क्रमाने गाठत, रानावनातून वाट शोधत, जो सर्वांत आधी परत येईल तो जिंकला. याची पहिली जाहीर शर्यत १८९७ साली नॉर्वेत, आजच्या ऑस्लो शहराजवळ झाली. १९६६ साली फिनलंडात पहिली जागतिक स्पर्धाही भरली.

आता अडचण पाहा. रानात ना प्रेक्षक, ना पंच. खेळाडू त्या ठिकाणी खरोखरच जाऊन आला, हे मानायचे कशावरून? त्यासाठी प्रत्येक ठिकाणी पांढऱ्या-नारिंगी निशाणाजवळ एक चिमटा टांगून ठेवू लागले. आपल्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात पूर्वी तिकिटाला भोक पाडणारा चिमटा असे ना, त्याचाच हा चुलतभाऊ. याच्या जबड्यात मात्र बारीक सुया, आणि त्यांची नक्षी दर ठिकाणी वेगळी. खेळाडूने आपले कार्ड त्यात दाबायचे. कार्डावर टोचे उमटले की हजेरी लागली.

साधन साधे आणि स्वस्त होते, पण त्यात दोन उणिवा होत्या. पावसात कार्डाचा लगदा होई. आणि दुसरी उणीव मोठी: टोचे हे सांगत की माणूस येथे आला होता, तो केव्हा आला आणि कोणत्या ठिकाणानंतर आला, हे काही सांगत नसत. पाचवे ठिकाण चौथ्याच्या आधी उरकून कोणी वाट वाचवली, तर कार्ड मुकाट राही.

१९९० नंतरच्या दशकात जर्मनी आणि नॉर्वेतल्या कारागिरांनी यावर तोड काढली. खेळाडूच्या बोटाला एक चिमुकली कांडी बांधायची. ठिकाणावरच्या पेटीच्या छिद्रात ती घातली की पेटी टीक् करते, दिवा लुकलुकतो, आणि कांडीत ठिकाणाचा क्रमांक व वेळ नोंदली जाते. नॉर्वेच्या पद्धतीत कांडीऐवजी हातात एक चपटी पट्टी असते, इतकाच फरक. शर्यत संपताच कोणता टप्पा किती मिनिटांत झाला याची चिठ्ठी हाती पडते. तासन् तास कार्डे तपासणे संपले आणि क्रमाची लबाडीही संपली.

पण यंत्राबरोबर एक नवी शिस्त आली. टीक् ऐकू येण्यापूर्वीच घाईने कांडी काढली, तर नोंद होत नाही. खेळाडू तेथे गेला होता हे तो छातीवर हात ठेवून सांगेल, पण सांगण्याला काही किंमत नाही. नोंद पुरी झाली की नाही हे पाहण्याची जबाबदारी धावणाऱ्याची! आणि यंत्रच बंद पडले तर? तर जुन्या सुयांचा चिमटा अजूनही पेटीजवळ ठेवलेला असतो. त्याने नकाशाच्या कडेवर टोचायचे. नव्या साक्षीदाराच्या पाठीशी जुना साक्षीदार हवाच, एवढे शहाणपण या रानातल्या लोकांनी राखले.

पाण्यातला स्पर्श

रानातून आता तलावाकडे वळू. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतीत अमेरिकेचा लान्स लार्सन आणि ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट जवळजवळ एकदमच भिंतीला लागले. लार्सनवर घड्याळे धरून बसलेल्या तिघांनी ५५.०, ५५.१ आणि ५५.१ सेकंद अशी वेळ दिली. डेव्हिटच्या तिघांनी ५५.२ दिली. म्हणजे घड्याळांच्या मते लार्सन पहिला. पण क्रमांक ठरवणारे पंच होते वेगळे, आणि त्यांच्यात एकमत होईना. अखेर मुख्य पंचाने सुवर्णपदक डेव्हिटला दिले, आणि लार्सनची वेळही ५५.२ अशी लिहून टाकली! कोणी लबाडी केली नव्हती. पाण्याच्या फेसात हाताची बोटे भिंतीला केव्हा लागली, हे माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही, एवढाच दोष.

पुढे भिंतीवर स्पर्शाची पाटी आली. १९६७ साली विनिपेगच्या स्पर्धेत ती वापरली गेली. पोहणारा हाताने पाटी दाबतो आणि स्वतःचे घड्याळ स्वतःच थांबवतो. कोल्हापूरचा वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. १९८६ साली खजान सिंग याला रौप्यपदक मिळाले होते, त्यानंतर चोवीस वर्षांनी भारताला जलतरणात मिळालेले हे आशियाई पदक. पन्नास मीटरची शर्यत डोळ्यांची चारदोन वेळा उघडझाप होते तोवर संपत आलेली असते; तेथे शंभरावा हिस्सा मोजायला पाटीच हवी.

कागदावरचे भोक

आता येऊ कोल्हापूरच्या खऱ्या कौतुकाकडे, नेमबाजीकडे. आपल्याकडे तिला जुने नाव चांदमारी. दहा मीटर रायफलच्या लक्ष्यावर मधला दहाचा ठिपका असतो अवघा अर्धा मिलिमीटर. म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान. त्यावर येणारा छर्रा साडेचार मिलिमीटरचा. तो ठिपक्यावर बसला की ठिपका नाहीसा होतो आणि उरते नुसते भोक! भोकाची कड रेषेला शिवली तर दहा, केसभर अलीकडे राहिली तर नऊ. हे ठरवायला पंच भोकात धातूची मापखुंटी घालून भिंगातून पाहत. खुंटी जरा तिरकी गेली, कागद जरा फाटला, की एका गुणाचे भवितव्य पंचाच्या बोटांत!

यंत्राने हा कारभार कसा बदलला ते ऐकण्याजोगे आहे. अनेक यंत्रलक्ष्यांत कागद मोजत नाही, आवाज मोजतो. लक्ष्याच्या चौकटीत ध्वनी टिपणारे कान बसवलेले असतात. गोळी आरपार जाताना जो आवाज होतो तो जवळच्या कानाला आधी आणि दूरच्या कानाला नंतर पोहोचतो. या सूक्ष्म अंतरावरून गोळी कोठून गेली याचे गणित यंत्र मांडते आणि क्षणात नेमबाजाशेजारच्या पडद्यावर ठिपका उमटतो. दुसऱ्या तऱ्हेच्या यंत्रांत आवाजाऐवजी प्रकाशाची जाळी असते. नऊ की दहा, एवढ्यावर हे थांबत नाही. दहाचेही दहा भाग पडतात आणि सर्वांत अचूक नेम १०.९ चा ठरतो.

यामुळे नुसती मोजणी बदलली नाही, खेळच बदलला. म्युनिकला २०१० साली तेजस्विनी सावंत हिने पन्नास मीटर प्रोनमध्ये साठ गोळ्यांत सहाशेपैकी ५९७ गुण मिळवून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली आणि ती जगज्जेती झाली. साठ गोळ्यांत गेले फक्त तीन गुण! तेव्हा हिशेब पूर्ण गुणांचा होता. २०१३ पासून काही प्रकारांच्या प्राथमिक फेरीतही दशांश मोजू लागले, आणि अंतिम फेरी शून्यापासून सुरू होऊ लागली.

तेजस्विनीच्या यशाने जिला स्फूर्ती मिळाली त्या राही सरनोबतची गोष्ट पाहा. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत राही आणि थायलंडची नेमबाज दोघींचेही ३४ गुण झाले. या फेरीत १०.२ किंवा त्याहून सरस गोळी लागली तर एक गुण, नाहीतर शून्य. अधलेमधले काही नाही. बरोबरी तोडायला पाच गोळ्यांची फैर झाडली, तिच्यातही बरोबरी! पुन्हा पाच गोळ्या झाडल्या, तेव्हा कोठे राहीला सुवर्णपदक मिळाले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या झटापटीत पंच मापखुंटी घेऊन कागद तपासत बसले असते, तर ती फेरी झालीच नसती.

आणि १ ऑगस्ट २०२४ चा दिवस तर सर्वांच्या आठवणीत आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे फ्रान्समध्ये ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभा होता. प्राथमिक फेरीत तो सातवा आलेला. आठ जणांच्या अंतिम फेरीत शिरकाव झाला इतकेच. चाळीस गोळ्यांनंतर दोघे बाद झाले, आणि मग प्रत्येक गोळीला एकेक जण. चव्वेचाळिसाव्या गोळीनंतर ४५१.४ गुणांवर त्याच्या गळ्यात कांस्यपदक पडायचे नक्की झाले. योगायोग असा की हा गडी तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. दुसऱ्यांच्या प्रवासाची साक्ष तपासणाऱ्याची ही साक्ष यंत्राने दिली!

यंत्राचाही साक्षीदार

मग यंत्र म्हणेल ते ब्रह्मवाक्य मानावे काय? नियम करणाऱ्यांनी तसे मानलेले नाही. यंत्राच्या लक्ष्यामागे तपासणीसाठी एक साधा कागदी तक्ता लावलेला असतो. वाद निघाला की तो काढून पाहतात. म्हणजे ज्या कागदाला यंत्राने खाली बसवले, तोच कागद यंत्राच्या पाठीमागे उभा राहून त्याची साक्ष काढतो. रानातल्या पेटीजवळचा सुयांचा चिमटा आणि येथला हा तक्ता, दोन्हींचा अर्थ एकच.

आता खरा प्रश्न. हे यंत्र पोहोचते कोठे? ऑलिंपिकमध्ये आणि जागतिक स्पर्धांत ते असतेच. पण गावाकडचे पोर पहिल्यांदा रायफल खांद्याला लावते ते बहुधा कागदासमोर. दर नेमबाजासमोर एक यंत्र आणि त्याच्याशेजारी एक पडदा, हा खर्च लहान रेंजला पेलणारा नसतो. स्वप्नीलच्या वडिलांनी काडतुसांसाठी कर्ज काढल्याची हकीकत त्याच्या पदकानंतर वृत्तपत्रांनी छापली होती. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. गोळीच जेथे मोजून झाडायची, तेथे लक्ष्याची काय कथा!

आणि तोटा नुसत्या मोजणीचा नाही. कागदावर शिकलेला मुलगा मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदा पडद्यापाशी येतो तेव्हा त्याच्यापुढे एक नवा मोह उभा असतो. दर गोळीचा गुण तत्काळ डोळ्यांसमोर! नऊ दिसला की मन डळमळते, १०.८ दिसला की हुरळते. त्या मोहाशी झगडण्याची सवय लहानपणीच लागायला हवी. पदकाच्या दिवशी ती शिकता येत नाही. शिवाय जिल्ह्याच्या निवडीत मापखुंटीच्या एका चुकीने ज्याचा एक गुण जातो, ते पोर पुढल्या वर्षी परत येईलच असे नाही. ऑलिंपिकमधल्या अन्यायाची निदान बातमी होते, याची कोठेच होत नाही.

तेव्हा आपल्या जिल्ह्यात यंत्रलक्ष्यांसाठी जेव्हा जेव्हा पैसा उभा राहील, तेव्हा तो आधी शिकाऊ मुलांच्या रेंजवर खर्च व्हावा, असे मनापासून वाटते. त्याबरोबरच ते यंत्र पुसणारा, जोखणारा, बिघडले तर उघडून पाहणारा एखादा हुशार तरुणही तेथे हवा. कारण आंधळ्या पंचाची चूक निदान सगळ्यांना दिसते. बिघडलेले यंत्र मात्र ठामपणे खोटे बोलते.

आखाड्याच्या तांबड्या मातीत तेल, ताक नि हळद घालून ती मळावी लागते, तेव्हा कोठे ती पैलवानाला पेलते. शाहू महाराजांच्या गावाला हे शिकवायला नको. साक्ष खरी हवी असेल तर आधी मैदान नीट राखावे लागते. मग ते मातीचे असो, नाहीतर तारांचे.