थेंबांचा हिशेब

‘अति तेथे माती’ ही म्हण आपण जेवणाखाण्याविषयी आणि बोलण्याचालण्याविषयी नेहमी वापरतो. ती साबणालाही तितकीच लागू आहे, हे आम्हांस बडोद्याच्या दांडिया बाजारात एका लग्नाच्या निमित्ताने उमगले. सूरसागर तलावालगतचा हा भाग मराठी कुटुंबांची जुनी वस्ती म्हणून ओळखला जातो. तेथे आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्यांचा धाकटा मुलगा स्वतःच्या मोटारीतून प्रवासी नेतो. गाडी कर्जावर घेतलेली, हप्ते अद्याप चालू. गाडीतील फिकट रंगाच्या चामडी गाद्या केसांच्या तेलाने आणि घामाने काळवंडल्या, म्हणून त्याने इंजिनाचे वंगण काढण्याचे कडक औषध आणले आणि पाणी न घालता तसेच्या तसे चोळले.

मळ निघाला खरा. परंतु थोड्याच आठवड्यांत गादीचा पृष्ठभाग चिकट झाला, पुढे त्यास भेगा पडल्या आणि अखेर रंग उतारूंच्या कपड्यांस लागू लागला. गादीवर नवा रंग चढवून घेण्यात एका महिन्याचा हप्ता गेला. “काका, मळ काढायचा तर औषध कडकच हवे ना?” असे त्याने आम्हांस विचारले. आज गावोगावी अंगणात जुनी-नवी मोटार उभी दिसते. तेव्हा हा प्रश्न केवळ त्या मुलाचा राहिलेला नाही.

शेतकरी वाचकांस मातीचा सामू ठाऊक असतो. सात हा मध्यबिंदू. त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्क. कमावलेले चामडे स्वभावतः किंचित आम्लधर्मी, म्हणजे साधारण चार ते पाच सामूचे असते. उलट धुण्याच्या साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात जातो आणि धुण्याचा सोडा त्याहून वर चढतो. सामूचा प्रत्येक अंक म्हणजे दहापट फरक, हे ध्यानी घेतले की चामड्यास सोडा का सोसत नाही, ते सहज कळते. शिवाय आजच्या बहुतेक मोटारींतील चामड्यावर रंगाचा आणि पारदर्शक लेपाचा थर असतो. आपण पुसतो तो हा थर. तो एकदा विरघळला की खालचे चामडे उघडे पडते.

म्हणून प्रथम गादीची परीक्षा करावी. दिसणार नाही अशा कोपऱ्यात पाण्याचा थेंब सोडावा. थेंब वर राहिला तर लेप शाबूत आहे, अथवा गादी चामड्याची नसून रेक्झीनची आहे. थेंब मुरून डाग गडद झाला तर चामडे उघडे आहे, आणि त्यास पाणी लावण्याआधी जाणकारास विचारावे. औषध निवडताना चामड्यासाठी खास बनविलेले, मध्यम सामूचे घ्यावे. सर्वकामी क्लीनर प्लॅस्टिक आणि पायपुसणी यांसाठी ठीक. पण तोही पातळ करूनच.

आता पातळ करण्याचा हिशेब. डब्यावर १:१० लिहिले असेल तर त्याचा अर्थ एक भाग औषध आणि दहा भाग पाणी, म्हणजे एकूण अकरा भाग. अर्ध्या लिटरच्या बाटलीत सुमारे ४५ मिलीलिटर औषध आणि ४५५ मिलीलिटर पाणी. १:२० असेल तर औषध २४ मिलीलिटरच्या आसपास. १:४ असेल तर १०० मिलीलिटर. झाकणाने अंदाज करू नये. सुई नसलेली सिरिंज मापास उत्तम, मात्र ती पुन्हा घरच्या औषधास वापरू नये. आधी पाणी ओतावे, मग औषध. नाही तर नुसता फेसच हाती येतो. विहिरीचे पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात. बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी त्यावर उपाय होय. डब्यावर दोन प्रमाणे दिली असतील तर पातळ आधी करून पाहावे. मळ राहिला तर पुन्हा पुसता येते. उतरलेला रंग मात्र परत येत नाही.

औषध गादीवर न फवारता फडक्यावर घ्यावे. मऊ ब्रशने हलके फिरवून ओलसर फडक्याने पुसावे, मग कोरड्या फडक्याने टिपावे. काम सावलीत, दारे उघडी ठेवून करावे. छताचे कापड भिजवू नये, त्याचा गोंद सुटतो. स्टीअरिंगला आणि पायाखालच्या पेडलांना चकाकीचे तेल कदापि लावू नये. हात वा पाय निसटला तर प्राणाशी गाठ आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुलांची. उरलेले औषध पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये; बाटलीवर नाव लिहून ती उंच जागी ठेवावी. कोणी चुकून प्यालेच, तर उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. ब्लीच आणि संडासाचे आम्ल एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

दांडिया बाजारापासून जवळच महाराज सयाजीरावांनी १८९० साली स्थापिलेले कलाभवन आहे. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर तेथील पहिले प्रमुख होते, आणि कापड रंगविण्याची विद्या तेथे शिकविली जात असे. रंगाऱ्याने मापाचा रंग घेतला तर कापड शोभते. अंदाजाने ओतला तर ठाण वाया जाते. तोच धडा त्या मुलास सव्वाशे वर्षांनंतर गादीने शिकविला.

निघताना त्याने आम्हांस आपली नवी बाटली दाखविली. तिच्यावर कागद चिकटवून ठळक अक्षरांत लिहिले होते: ‘एकास दहा. पिऊ नये.’ आपल्या घरच्या बाटल्यांवर काय लिहिले आहे, हे वाचकांनी आजच पाहावे, एवढीच विनंती.