फवारणीविना फुलणारा गुलाब

गुलाब म्हटला की औषधफवारणी आलीच, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे की अंगणात लहान मूल रांगू लागले की अनेक घरांतून गुलाब हद्दपार होतो. उरलेल्या घरांत दर पंधरा दिवसांनी पंप काढला जातो. ज्या फुलाचा वास घ्यायला घरातील प्रत्येकजण वाकतो, त्याच फुलावर विषारी द्रव्याचा थर बसतो. रो-हाऊसपुढील दहा फुटांचे अंगण, सोसायटीतील वाफा किंवा गच्चीचा कोपरा अशा जागी फवारलेले औषध झाडावर पडते, तसेच वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि शेजारच्या खिडकीवरही पडते. कुटुंबाच्या आरोग्याचा विचार करता येथे प्रश्न केवळ बागकामाचा राहत नाही.

यावर एक शहाणपणाचा मार्ग आहे. जो गुलाब मुळातच काटक आहे, तोच निवडावा. जमिनीलगत पसरणारे, झुपकेदार लहान फुलांचे भूआच्छादक गुलाब या वर्गात येतात.

हा गुलाब आला कोठून?

या गुलाबांच्या वंशावळीत जपान, कोरिया आणि पूर्व चीन येथील ‘रोझा विचुराना’ ही रानटी जात महत्त्वाची आहे. तिच्या फांद्या उभ्या न वाढता भुईवर सरपटतात आणि पाने चकचकीत असतात. या जातीच्या संकरांतून पसरण्याचा गुण बागेतील गुलाबांत उतरला. इंग्लंडमध्ये १९३२ साली बेंटॉल यांच्या रोपवाटिकेतून ‘द फेअरी’ हा फिकट गुलाबी, बहुपुष्पी गुलाब बाहेर पडला. बुटका आणि पसरट असा हा गुलाब आजही जगभर लावला जातो. पुढे १९८८ च्या सुमारास जर्मनीतील वेर्नर नोआक यांचा ‘हायडेट्राउम’ आला आणि इंग्रजी भाषक देशांत ‘फ्लॉवर कार्पेट’ या नावाने लोकप्रिय झाला.

जर्मनीत नव्या गुलाबांची ‘ए. डी. आर.’ नावाची कसोटी घेतली जाते. तीत वाण निरनिराळ्या हवामानाच्या ठिकाणी काही वर्षे वाढवून पारखतात. १९९७ पासून या चाचणीच्या काळात झाडांवर रासायनिक औषध मारले जात नाही. आधाराविना जो निरोगी राहील तोच उत्तीर्ण, हा दृष्टिकोन घरगुती बागेनेही उचलण्याजोगा आहे.

कष्ट कमी का लागतात?

लांब दांड्याच्या मोठ्या फुलांच्या गुलाबाला डोळा पाहून छाटणी करावी लागते आणि वाळलेले प्रत्येक फूल खुडावे लागते. भूआच्छादक गुलाब साधारण दीड ते अडीच फूट उंच आणि दोन ते तीन फूट रुंद होतो. त्याचे झुपके बहुधा आपोआप गळून नवे येतात, आणि वर्षातून एकदा मोठ्या कात्रीने सरसकट छाटले तरी भागते. पसारा दाट झाला की जमिनीवर ऊन पोहोचत नाही. त्यामुळे तण कमी उगवते आणि ओलावा टिकतो.

मात्र कमी कष्ट म्हणजे शून्य कष्ट नव्हे. खरे श्रम पहिल्या वर्षी करावे लागतात, आणि त्यांतही सर्वांत मोठे काम लागवडीपूर्वीचे असते.

लागवड : घाई नको

जागेला दररोज किमान पाच ते सहा तास थेट ऊन हवे. सकाळचे ऊन अधिक चांगले, कारण त्याने पानांवरील दव लवकर वाळते. इमारतीच्या सावलीत हा गुलाब जगेल, पण फुलणार नाही आणि रोगाला लवकर बळी पडेल.

वाफ्यातील हरळी आणि लव्हाळा मुळांसकट व गाठींसकट काढून टाकावा. हे काम राहिले तर पुढे काटेरी फांद्यांत हात घालून तण उपटण्याची पाळी येते. वाफा खणून, पाणी देऊन तीन आठवडे तसाच ठेवावा. पुन्हा उगवलेले तण काढावे आणि मगच रोपे लावावीत.

दीड फूट खोलीचा खड्डा घेऊन त्यात दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. पुणे-अहिल्यानगरकडील काळी माती पाणी धरून ठेवते. तेथे वाफा सहा इंच उंच करावा आणि मातीत जाड वाळू किंवा विटांचा चुरा घालावा. दोन रोपांत दोन ते अडीच फूट अंतर पुरे. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद वाफ्यात पाच-सहा रोपे बसतात. पायवाटेपासून दीड फूट जागा मोकळी सोडावी, म्हणजे फांद्या मुलांच्या पायाला ओरबाडणार नाहीत.

रोप निवडताना

स्थानिक रोपवाटिकेत नावाजलेले परदेशी वाण मिळतीलच असे नाही. तेथे पसरट बटण गुलाब आणि बहुपुष्पी बुटके गुलाब पाहावेत. फुलाच्या रंगावर भुलण्याआधी झाडाची पाने पाहावीत. पावसाळ्याच्या अखेरीस, भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास जे झाड फवारणीविना पानांनी भरलेले दिसते, ते आपल्या हवेत टिकणारे असते. एका गावी निरोगी राहिलेला वाण दुसऱ्या हवेत तसाच राहील याची खात्री नसते. म्हणून पहिल्या वर्षी दोन-तीन प्रकारांची एकेक रोपे लावून पारख करावी.

शक्यतो छाट कलमाने केलेले, स्वतःच्या मुळांवरचे रोप घ्यावे. डोळा भरलेल्या रोपाला खालच्या खुंटातून रानटी फुटवे येतात, आणि दाट पसाऱ्यात ते वेळीच दिसत नाहीत. आवडलेले झाड वाढवणेही सोपे असते. जमिनीला टेकलेली फांदी मातीत दाबून ठेवली की बहुधा काही आठवड्यांत तिला मुळे फुटतात.

वर्षभराची दिनचर्या

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये झाड एक तृतीयांश ते निम्मे छाटावे, मेलेल्या फांद्या काढाव्यात आणि शेणखत द्यावे. साधारण दीड महिन्यात बहर येतो. हिवाळ्यात तीन-चार दिवसांनी आणि उन्हाळ्यात एक दिवसाआड भरपूर पाणी द्यावे. कुंडीला मात्र उन्हाळ्यात रोज पाणी लागते. मातीवर दोन इंच वाळल्या पानांचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन ठेवावे.

या आच्छादनाचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. पानांवर काळे ठिपके पाडणारी बुरशी गळलेल्या पानांत टिकून राहते, आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर वर उडते. पान सलग सात तासांच्या आसपास ओले राहिले की ती रुजते. म्हणूनच पाणी सकाळी द्यावे, ते मुळाशी द्यावे आणि गळलेली रोगट पाने उचलून टाकावीत. या तीन सवयी बहुतेक फवारण्यांची गरज दूर करतात. कोकणात व मुंबईत पावसाळ्यात पाने गळणारच. तेथे झाडे विरळ लावावीत आणि पावसाळ्यापुरती निष्पर्णता स्वीकारावी.

थंडीत पानांवर पांढरी भुरी दिसल्यास रोगट शेंडे खुडावेत. मावा आला तर पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावा. ढालकिडे दिसले तर त्यांना राहू द्यावे, कारण ते मावा खातात. तरीही न भागल्यास एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे काही थेंब मिसळून, ऊन उतरल्यावर फवारावे. हेही मुलांच्या हाती लागू देऊ नये.

आरोग्यासाठी काही सूचना

काट्याची जखम क्षुल्लक समजू नये. हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच काम करावे, आणि काटा लागल्यास जागा साबणाने धुवावी. धनुर्वाताची लस प्रौढांनीही दर दहा वर्षांनी घ्यावयाची असते, याचा अनेकांना विसर पडतो. मातीने मळलेली किंवा खोल जखम झाली असेल आणि शेवटच्या लसीला पाच वर्षे उलटली असतील, तर डॉक्टरांना विचारावे. काटा लागल्यावर काही दिवसांनी वा आठवड्यांनी तेथे न दुखणारी गाठ आली आणि हातावर वरच्या दिशेने आणखी गाठी उमटू लागल्या, तर ती मातीतील बुरशीची बाधा असू शकते. तिच्यावर उपचार आहेत, मात्र डॉक्टरांना काटा लागल्याचे आवर्जून सांगावे. मधुमेह असलेल्यांनी बागेत अनवाणी फिरू नये.

कुंड्यांखालील ताटल्यांतील पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण ओतून ताटली घासावी, नाहीतर डेंग्यूच्या डासांची तेथे पैदास होते. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाच्या पाकळ्या गुलकंदासाठी वापरू नयेत, कारण त्यांवर पूर्वी काय फवारले गेले ते आपल्याला ठाऊक नसते. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी उकिडवे बसण्याऐवजी लहान स्टुलावर बसून काम करावे, किंवा कमरेएवढ्या कट्ट्यावरील कुंड्यांची देखभाल आपल्याकडे घ्यावी.

बाग मनाला विसावा देते हे आपल्या आजीपणजीला सांगावे लागत नव्हते. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले, असे त्यात आढळले. रुग्ण जेमतेम ४६ होते, तेव्हा त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण खिडकीबाहेर काय असावे, हे ठरवायला तेवढा संकेत पुरेसा आहे.

या ऑक्टोबरमध्ये वाफ्यातील लव्हाळा काढण्यापासून आरंभ करावा. पंप माळ्यावर जाईल, आणि घरातील सर्वांत लहान माणसाला फुलाजवळ जाण्यापासून अडवावे लागणार नाही. काट्यांकडे मात्र लक्ष असू द्यावे.