टक लावून न पाहणारं गाव

दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांचे चेहरे इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिनस्टेडला डॉ. आर्चिबाल्ड मॅकइंडो दुरुस्त करत. त्यांनी गावालाही कामाला लावलं: या पोरांना घरी बोलवा, टक लावून पाहू नका. गावानं ऐकलं. १९४१ मध्ये रुग्णांनी स्वतःचा क्लबही काढला.

दुभंगलेला ओठ, जन्मखूण किंवा भाजल्याचा व्रण घेऊन शाळेत जाणाऱ्या मुलीलाही असंच गाव हवं असतं. सैनिकाच्या व्रणाला आपण शौर्य म्हणतो. तिच्या व्रणाला मात्र ‘बिचारी, लग्न कसं होणार?’

मग करायचं काय? बोलताना तिच्या डोळ्यांत पाहा. ‘काय झालं गं?’ असं चारचौघांत विचारू नका. घरी तिच्याबरोबर एका वाक्याचं उत्तर ठरवा: ‘लहानपणी भाजलं होतं, आता बरी आहे.’ पुढचं सांगायचं की नाही, ते ती ठरवेल. फोटोत तिला मागे ढकलू नका. शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना तिचंही मत घ्या. अॅसिड हल्ला झालेल्यांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

चेहरा डॉक्टर सांभाळतील. नजर आपल्याला सांभाळायची आहे.