समुपदेशनातील अवधान

मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारख्या दीर्घकालीन आजारांत औषध डॉक्टर लिहून देतात. परंतु ते नियमित घेणे, पथ्य सांभाळणे, पायांची निगा राखणे हे रुग्णाला व त्याच्या कुटुंबीयांनाच करावे लागते. त्यासाठीचा संवाद म्हणजे समुपदेशन. वरवर साधा वाटणारा हा संवाद किती सहज खंडित होतो, याची कल्पना आपणा सर्व हितचिंतकांना यावी, या हेतूने हे टिपण सादर करीत आहोत.

अमेरिकेत बेकमन व फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये ७४ तपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण बोलू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला थांबवीत, असे त्यात आढळले. उलट स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे डॉक्टरांनी रुग्णांना न अडविता बोलू दिले, तेव्हा ते सरासरी ९२ सेकंदच बोलले. सुमारे ७८ टक्के रुग्णांचे सांगणे दोन मिनिटांत संपले. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळेअभावी ऐकता येत नाही, ही आपली समजूत यावरून तपासून पाहावी लागते.

व्यत्यय दोन प्रकारचे असतात. भ्रमणध्वनी वाजणे, मध्येच दार उघडणे, सोबतच्या नातेवाइकांनी रुग्णाऐवजी उत्तर देणे, हे बाह्य व्यत्यय. समुपदेशकाच्या मनातील घाई आणि ओठांवर आलेला तयार सल्ला, हे आंतरिक व्यत्यय. पहिल्यांवर दार लावून व दूरध्वनी बंद ठेवून उपाय करता येतो. दुसऱ्यांसाठी सराव लागतो.

मात्र विषयांतर आणि व्यत्यय एकच नव्हेत. इन्शुलिन घेणारी एखादी भगिनी मुलाच्या लग्नाच्या गडबडीविषयी बोलू लागते. तिला लगेच मूळ विषयाकडे वळविले, तर खरे कारण कळतच नाही. घरी पाहुणे असल्याने तिची जेवणाची वेळ चुकते, साखर एकदम उतरेल या भीतीने ती सकाळचे इंजेक्शन टाळते, हे त्याच ओघात समजते. अशा वेळी नुसत्या उपदेशाचा काय उपयोग? डॉक्टरांशी बोलून मात्रा व जेवण यांचा मेळ घालून देणे, ही तिची खरी गरज असते.

म्हणून प्रथम दोन मिनिटे न अडविता ऐकावे. ऐकलेले थोडक्यात पुन्हा सांगून ते बरोबर आहे का, हे विचारावे. नंतर ‘आज यांपैकी कशाविषयी बोलू या?’ असे विचारून रुग्णाच्या संमतीने एकच विषय ठरवावा. तातडीची बाब असल्यास ती स्वतःहून पुढे मांडावी. उरलेले मुद्दे पुढील भेटीसाठी टिपून ठेवावेत. बोलणे भरकटल्यास दोष न देता ठरलेल्या विषयाकडे परत यावे. विल्यम मिलर व स्टीफन रोलनिक यांनी विकसित केलेल्या ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ या संवादपद्धतीतही विषय असाच परस्परसंमतीने ठरविण्यावर भर आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांना आमची नम्र विनंती आहे, की प्रथम रुग्णाला बोलू द्यावे. आपले म्हणणेही आम्ही अवश्य ऐकू. देणगीदार व विश्वस्तांना एवढेच निवेदन, की यंत्रसामग्रीप्रमाणे शांत खोली, बंद होणारे दार व पुरेसा वेळ, हीदेखील उपचाराची साधने आहेत. त्यांवरील खर्च अहवालाच्या पानावर लहान दिसतो. परंतु इंजेक्शन का टळते, हे रुग्ण तेथेच सांगू शकतो.